झोपेचं रोस्टर

भाचीच्या मुलाचं बारसं दुपारी होतं आणि माझं पिकअप संध्याकाळी साडेसातचं. मुंबई-मस्कत-मुंबई, म्हणजे लांबचं काहीच नाही. जेवणावळ उरकेपर्यंत चार वाजले. घरात पाहुणे असताना मामानं खोलीचं दार लावून झोपणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी झोपलो नाही. परतीच्या वाटेवर, पहाटे पावणेचारला, मुंबई कंट्रोलनं आम्हांला फ्लाइट लेव्हल 110 पर्यंत खाली यायला सांगितलं. शेजारच्या फर्स्ट ऑफिसरनं आकडा बरोबर परत वाचून दाखवला. मी नॉब फिरवला आणि लावला 100. ती मुलगी, वयानं माझ्या लेकीएवढी, इतकंच म्हणाली, “सर, वन-वन-झीरो ना?”

हजार फुटांचा फरक. वर-खाली उडणाऱ्या दोन विमानांत ठेवतात तोही हजार फुटांचाच असतो. पुढे काही घडलं नाही, कारण ती जागी होती. मीही डोळे उघडे ठेवूनच बसलो होतो, पण सकाळी सहाला उठलेला माणूस बाविसाव्या तासाला कितपत जागा असतो? सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं बिघडतं, असं 1997 मध्येच एका प्रयोगातून दाखवून झालं आहे. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मुभा आहे ती 0.03 टक्क्यांची. उड्डाणाआधीच्या ब्रेथ ॲनालायझरवर मी त्या रात्री शून्य होतो. बारशाची जागरणं मोजणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

मी आता निवृत्त आहे. बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी फ्लाइंग शिकून एअरलाइनमध्ये लागलेली मुलं-मुली अधूनमधून फोन करतात. पहिल्या वर्षी विचारतात ते विमानाबद्दल; दुसऱ्या वर्षापासून सगळे एकच विचारतात: काका, झोपेचं काय करायचं? त्यांना तुकड्यातुकड्यानं सांगितलेलं इथे एकत्र लिहितो आहे. घरच्यांनीही वाचावं, कारण यातलं निम्मं त्यांच्या हातात आहे.

आधी एक गैरसमज. जेट लॅग हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून सगळा शीण त्याच्याच खात्यावर मांडला जातो. आपले बहुतेक पायलट देशातल्या देशात उडतात. दिब्रुगडला जाऊन आलं तरी मनगटावरचे काटे हलत नाहीत. म्हणजे यांना जेट लॅग नसतोच. तरी सुट्टीच्या दिवशी ते अमेरिकेहून आल्यासारखे सोफ्यावर पडलेले दिसतात. सोमवारी पहाटे चारचं रिपोर्टिंग, बुधवारी दुपारचं, शुक्रवारी रात्री अकराचं. माणूस मुंबईतच असतो, पण त्याचं अंग आज लंडनच्या वेळेवर असतं आणि परवा टोकियोच्या.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. तेच आपलं घड्याळ. ते उजेडावर चालतं आणि त्याचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे उशिरा झोपणं आपल्याला सहज जमतं आणि लवकर झोपणं जड जातं. पश्चिमेचा प्रवास सोसतो आणि पूर्वेचा अंगावर येतो. या घड्याळाचा तळ पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान. अंगाचं तापमान उतरतं, हात-डोळे मंदावतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आपण मंदावलो आहोत हे कळणारी बुद्धीही मंदावते. डीजीसीएच्या, म्हणजे हवाई वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, नियमांत या चार तासांना वेगळं स्थान आहे ते यासाठी.

याच तळातून उडत 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळुरूच्या टेबलटॉप धावपट्टीवरून दरीत गेलं. 158 माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. सुमारे एक तास चाळीस मिनिटं ते झोपले होते आणि उतरण्याच्या थोडंच आधी उठले. को-पायलटनं तीनदा ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलं. चौकशी अहवालात झोपेतून उठल्यानंतरच्या गुंगीचा उल्लेख आहे. गाढ झोपेतून जाग आल्यावर पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहूनही जास्त वेळ, माणूस अर्धा तिकडेच असतो. झोप वाईट नव्हती. ती अवेळी आणि अवाजवी लांब होती.

यातून पहिला नियम निघतो. डुलकी काढायची तर वीस-पंचवीस मिनिटांची, नाहीतर सरळ दीड तासाची. मधल्या, पाऊण-एक तासाच्या झोपेतून उठलात तर डोकं लापशीसारखं होतं. नासाच्या 1994 च्या अहवालात लांब पल्ल्याच्या पायलटांना 40 मिनिटांची संधी दिली होती. सरासरी झोप लागली ती 26 मिनिटं, आणि तेवढ्यानं कामात 34 टक्के तर सावधपणात 54 टक्के फरक पडला. हे संशोधन अमेरिकेचं, पण कॉकपिटच्या खुर्चीत अशी ठरवून डुलकी घ्यायला युरोप-कॅनडात मुभा आहे आणि खुद्द अमेरिकेत नाही. तुमच्या कंपनीचं मॅन्युअल काय म्हणतं ते वाचा आणि तेवढंच करा. शेजारच्याला न सांगता डोळे मिटणं मात्र कुठल्याच मॅन्युअलमध्ये बसत नाही.

दुसरी गोष्ट मुलांना पटायला वेळ लागतो. पहाटे चारचं रिपोर्टिंग असलं की ती रात्री आठलाच दिवे घालवून पडतात, झोप येत नाही म्हणून चिडतात आणि त्या चिडण्यानं उरलेली झोपही घालवतात. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे घड्याळाचे सगळ्यांत जागे तास असतात. त्या वेळात झोपायला जाणं म्हणजे भरतीच्या वेळी होडी वाळूत टेकवायला बघणं. त्याऐवजी आदल्या दिवशी मुद्दाम लवकर उठा, दुपारी दीड ते साडेतीनच्या दरम्यान अंग आपोआप जड होतं तेव्हा पडून घ्या, आणि रात्री साडेनऊला निवांत आडवे व्हा. दोन तुकडे मिळून सात तास झाले तरी चालतं. झोप एकसलगच हवी हा शहाणपणा दहा ते सहाच्या नोकरीचा आहे, तो आपल्याला परवडत नाही.

आपल्याकडे दुपारची झोप मिळवणं हे वेगळंच काम आहे. दुपारी दोनला घरात किती आवाज असतात ते झोपायचं ठरवल्याशिवाय कळत नाही. कुकरच्या शिट्या, कुरिअरवाल्याची बेल, रद्दीवाल्याची हाळी, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, आणि भाद्रपदाच्या आधी दोन महिने ढोल-ताशाचा सराव. यावर महागडा उपाय नाही. खिडकीला काळं कापड दुहेरी शिवून घ्या. पडद्याच्या कडेनं येणारी उजेडाची पट्टी चिकटपट्टीनं बुजवा. पंखा आवाज करत असेल तर दुरुस्त करू नका, तो बाहेरचे आवाज गिळतो. कानात फोमचे बोळे. फोन दुसऱ्या खोलीत, आणि क्रू शेड्युलिंगचा नंबर सोडून सगळे नंबर बंद. स्टँडबायला असाल तर तो फोन घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. दर वीस मिनिटांनी ‘आला का कॉल’ म्हणून बघण्यात स्टँडबायची झोप जाते.

पुण्यात राहून मुंबईहून उडणाऱ्यांशी मी भांडलो आहे. घाट, ट्रक, लोणावळ्याचं धुकं, आणि मग कामाला सुरुवात. अमेरिकेत 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ पडलेल्या विमानाची को-पायलट आदल्या रात्री सिॲटलहून प्रवास करत ड्युटीच्या गावी पोचली होती. पन्नास माणसं गेली. पहाटेची ड्युटी असेल तर आदल्या संध्याकाळी मुंबईत या आणि झोपा. चार जणांत मिळून अंधेरीला खोली घेतलीत तर फार पडत नाही. आणि रात्रीच्या ड्युटीनंतर स्वतः गाडी चालवत एक्स्प्रेस वेवर चढू नका. तीनशे माणसं सुखरूप उतरवून आलेला कॅप्टन खालापूरच्या टोलनाक्यापाशी डुलकी लागून गेला, तर त्याचा अहवाल कुणी लिहीत नाही.

रात्रभर उडून आल्यावर घरी जाताना गॉगल लावा. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की घड्याळाला वाटतं दिवस उजाडला, आणि मग झोप फाटते. अंघोळ, थोडं खाणं, झोप. पण संध्याकाळपर्यंत लोळू नका. चार-साडेचार तासांनी उठा, उन्हात जा आणि रात्री लवकर झोपा. पुढची ड्युटीही रात्रीचीच असेल तर याच्या उलट: मिळेल तितकं झोपा.

कॉफीचं गणित करा. प्यायल्यानंतर पाच-सहा तासांनीही निम्मी कॉफी अंगात असते. म्हणजे सकाळी सातला झोपायचं असेल तर शेवटचा कप रात्री एक-दोनच्या पुढे नको. उतरण्याआधी घोटभर लागलीच तर घ्या, पण तिची किंमत सकाळच्या झोपेत मोजावी लागेल हे धरून. कॉफीचा परिणाम चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून मी कॉफी पिऊन लगेच डुलकी घ्यायचो. उठायच्या वेळेला ती कामाला लागलेली असायची.

खाण्याबद्दल थोडंच सांगतो. रात्री दोनला पोट झोपलेलं असतं. विमानातली बिर्याणी त्याला झेपत नाही. घरचा छोटा डबा, मऊ खिचडी, दही-पोहे, एखादं केळं. मिसळ सुट्टीच्या दिवशी. पाणी मात्र आठवणीनं. केबिनची हवा अगदी कोरडी, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. आणि दाब असा की जुन्या विमानांत आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर बसल्यासारखं, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. रोज कळसूबाई चढून आलेल्याचं डोकं दुखलं तर नवल नाही.

आता खरा जेट लॅग. 1931 मध्ये वायली पोस्टनं हॅरोल्ड गॅटीबरोबर नऊ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. जेट तर सोडाच, जेट लॅग हा शब्दही तेव्हा नव्हता. पण पोस्टला अडचण आधीच उमगली होती, आणि उड्डाणापूर्वी तो मुद्दाम वेळी-अवेळी झोपायचा सराव करत होता. दोन वर्षांनी तो एकट्यानं गेला तेव्हा हातात पाना धरून त्याला बांधलेली दोरी बोटाला अडकवायचा, असं सांगतात. डोळा लागला की पाना सुटायचा आणि हिसक्यानं जाग यायची. युक्ती चांगली आहे, पण पाना लागेल इतकी वेळ आपल्यावर येऊ द्यायची नाही.

लेओव्हरवर, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या परगावच्या मुक्कामात, पहिला प्रश्न असा: इथली वेळ धरायची की घरची? माझा ठोकताळा सोपा होता. दोन दिवसांच्या आत परतायचं असेल तर घड्याळ भारताचंच. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे. तिथे पोचल्यावर क्रूमधली तरुण मंडळी संध्याकाळी पबमध्ये निघतात, अकराला झोपतात आणि तीनला टक्क जागी होतात, कारण घरी साडेसात वाजलेले असतात. मी संध्याकाळी आठला दिवे घालवायचो. तीनला मलाही जाग यायची, पण सात तास झोप होऊन. परतीचं उड्डाण रात्री नऊचं असेल तर सगळे संध्याकाळी चार-पाचला झोपायला बघतात. तेव्हा भारतात साडेआठ-साडेनऊ वाजलेले असतात, म्हणजे वर सांगितलेले तेच जागे तास. बाराला पडा. तेव्हा घरी साडेचार झालेले असतात आणि दुपारची पेंग थोडी उरलेली असते, तिचा फायदा घ्या.

न्यूयॉर्क वेगळं. उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे तिथली रात्र हा आपला दिवस. पहाटे तीनला भुकेनं जाग येते आणि वरण-भाताची आठवण होते, कारण घरी बाराचा सुमार असतो. इथे कुठलंही एक घड्याळ धरून भागत नाही. पोचल्या पोचल्या दोन-तीन तास, मग उजेडात चालणं, मग तिथल्या रात्री मिळेल तेवढी, आणि निघण्याआधी एक दीड तासाचा तुकडा. मी उशाशी वही ठेवून तुकडे मांडत असे. चोवीस तासांत बेरीज आठच्या जवळ गेली की निश्चिंत. जमली नाही तर ते परतीच्या ब्रीफिंगमध्ये सांगायचं: मला पहिली विश्रांती द्या, किंवा शेवटची. तीन-चार पायलट असलेल्या उड्डाणात विमानातल्या बंकवर झोपायची पाळी वयावरून वा पदावरून ठरवू नये, कोण किती झोपला आहे आणि उतरवणार कोण आहे यावरून ठरवावी. बंकमधली झोप घरच्यासारखी नसते. पट्टा बांधलेला, हवा कोरडी, घरघर. तिला घरच्या झोपेच्या निम्मी धरा.

इथे एक आडकथा, कारण हा प्रश्न मला पायलटांपेक्षा आजी-आजोबा जास्त विचारतात. न्यू जर्सीला लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्यांनी पायलटाची युक्ती वापरू नये. तुम्ही सहा महिने राहणार आहात, तुम्हांला तिथलंच घड्याळ लावायचं आहे. पहिले काही दिवस दुपारचं ऊन भरपूर घ्या आणि संध्याकाळी सातला सोफ्यावर लवंडू नका. भारतात परतल्यावर उलट: पहिले दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हापासून डोळे जपा आणि दुपारनंतर बाहेर पडा. पूर्वेकडे येताना शरीर दिवसाला साधारण तासभर सरकतं. म्हणजे नऊ-दहा दिवस जाणारच. तेवढ्यात घरात लग्नकार्य ठेवू नका.

गोळ्यांबद्दल कडक बोलावं लागेल. झोपेची गोळी, मेलाटोनिन, सर्दीची गोळी, यांतलं काहीही विमानवैद्यकाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या पेंग आणतात, आणि चोंदलेल्या नाकानं खाली उतरताना कानाचा पडदा कसा ओरडतो हे ज्याला माहीत आहे तो सरळ रजा टाकतो. दारूला उड्डाणाआधी बारा तास बंदी आहे आणि ब्रेथ ॲनालायझरला शून्यच लागतं. पण आपल्या घरांतला धोका बाटलीत नसून आजीच्या फडताळात असतो. दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांत आंबवून तयार झालेलं अल्कोहोल असतं. खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे थेंब तसेच. 2023 मध्ये डीजीसीएनं अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही मनाई केली. सासूबाईंनी प्रेमानं दिलेलं अरिष्ट मशीनला प्रेम म्हणून समजावता येत नाही. झोप येण्यासाठी दोन पेग घेणाऱ्यांनी एवढं समजावं की दारूनं झोप लवकर लागते आणि उत्तररात्री फाटते.

आता ताण. टर्ब्युलन्सचा ताण येत नाही म्हटलं तर लोकांना खरं वाटत नाही. पण हवा, वीज, पाऊस यांसाठी आपली तयारी झालेली असते आणि शेजारी दुसरा माणूस असतो. पोखरणारे ताण जमिनीवरचे असतात. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. दर सहा महिन्यांनी येणारा सिम चेक, म्हणजे सिम्युलेटरमधली परीक्षा, जिथे वीस वर्षांच्या अनुभवाचा कॅप्टनही दहावीच्या मुलासारखा पोटात गोळा घेऊन जातो. आणि मेडिकल. बँकेतल्या माणसाची साखर वाढली तर तो भात कमी करतो. पायलटाची वाढली तर पगाराचा प्रश्न येतो. म्हणून लायसन्स गेल्यास भरपाई देणारा विमा नोकरीच्या पहिल्याच वर्षी घ्या, आणि पहिल्या पगारावर मोठी गाडी घेऊ नका. सहा महिन्यांचे हप्ते बँकेत असलेला पायलट ‘आज मी फिट नाही’ हे वाक्य दुसऱ्यापेक्षा लवकर उच्चारू शकतो.

सिमची भीती तयारीनं जाते. महिनाभर आधीपासून रोज अर्धा तास, शेवटच्या रात्री पुस्तक बंद. मेडिकलची भीती चालण्यानं जाते. रोस्टरचं मात्र आपल्या हातात नसतं, म्हणून एखादी गोष्ट अशी हवी जिच्यात कुणी आपल्याला मार्क देत नाही. माझे एक मित्र लेओव्हरच्या खोलीत तबल्याचे बोल मांडीवर वाजवायचे. मी स्वेटर विणायला शिकलो. हसा खुशाल, पण विमानात सुया नेता येत नसत म्हणून मी प्रत्येक शहरात नव्या घेतल्या.

खरा कठीण प्रसंग अपघातानंतर येतो. 12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. चार दिवसांनी, 16 जूनला, त्या कंपनीच्या 112 पायलटांनी आजारी असल्याचं कळवलं. त्यांत 51 कमांडर होते आणि 61 फर्स्ट ऑफिसर. हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी हा आकडा लोकसभेत सांगितला. काहींनी त्यावरून पायलटांना नावं ठेवली. मला तो आकडा दिलासा देणारा वाटला. ज्या दिवशी चेकलिस्ट वाचताना मन भलतीकडे जातं आहे, त्या दिवशी घरी थांबलेला माणूस आपलं कामच करत असतो.

न थांबलेल्यांचं उदाहरणही आहे. 24 मार्च 2015 ला जर्मनविंग्जच्या को-पायलटनं विमान आल्प्सच्या डोंगरावर नेऊन घातलं. दीडशे माणसं गेली. डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरवलं होतं आणि त्यानं ते कंपनीपासून लपवलं होतं. त्यानंतर युरोपात सहकारी पायलटांनीच चालवलेली आधाराची व्यवस्था प्रत्येक एअरलाइनला बंधनकारक झाली. डीजीसीएनंही 2023 मध्ये पायलट आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर यांच्या मानसिक आरोग्यासाठी सूचना काढून अशा आधारगटांचा आग्रह धरला. तुमच्या कंपनीत तो असेल तर त्याचा नंबर आजच फोनमध्ये ठेवा, गरज नसताना. दोन-तीन आठवडे झोप नीट नाही, चिडचिड होते आहे, कॉकपिटमध्ये बोलावंसं वाटत नाही, इतकं झालं की फोन करा. लवकर केलेल्या फोननं बहुतेकांचं लायसन्स वाचतं.

थकव्याबद्दल सांगायचं तर रडगाणं गाऊ नका, नोंद करा. ड्युटी आणि विश्रांतीच्या सुधारित नियमांप्रमाणे थकव्याच्या अहवालांचा हिशोब एअरलाइनला दर तीन महिन्यांनी डीजीसीएला द्यावा लागतो, आणि अहवाल देणाऱ्यावर कारवाई होऊ नये, त्याचं नाव गुप्त राहावं अशी त्यांत तरतूद आहे. किती वाजता उठलो, किती तास झोपलो, कितवं सेक्टर, काय चुकलं. चार ओळी. फोनवर सांगायचं तेही असंच: “सर, गेल्या चोवीस तासांत साडेतीन तास झोप झाली आहे, ही फ्लाइट करायला मी फिट नाही.” माफी नको, लांबण नको. समोरचा गप्प बसेल. तुम्हीही गप्प बसा.

हेच नियम आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेतात आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणतात. ते पुरते लागू झाल्यावर 2025 च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट द्यावी लागली. विमानतळावर बॅगांवर बसून रात्र काढलेल्यांचा राग रास्तच होता. नियम मात्र जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते.

घरच्यांसाठी एवढंच. महिन्याचं रोस्टर फ्रिजवर लावा आणि त्यावर उड्डाणांबरोबर झोपेच्या वेळाही रंगवा. आमच्याकडे झोप निळ्या पेन्सिलीनं असायची आणि मुलीला अक्षरं यायच्या आधी निळा रंग कळायचा. दिवाळीची पहिली अंघोळ आम्ही कधी बलिप्रतिपदेला केली, कधी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. ड्युटीवरून आल्यावर पहिला तासभर शाळेची फी, गळका नळ आणि नातेवाइकांचे रुसवे काढू नका. पायलटानंही तो तास संपला की खोलीत दडून बसू नये. आणि घरात कार्य असेल तेव्हा यजमानांनी आपणहून म्हणावं, तू जा, झोप. मला त्या दिवशी कुणी म्हटलं असतं तर मी गेलो असतो.

तुमच्या मजल्यावर एखाद्या घराचे पडदे भर दुपारी ओढलेले दिसले, तर तिथलं कुरिअर तुमच्याकडे ठेवून घ्या. बेल वाजवू नका.